बिबट्याला कोणते पुस्तक द्यावे

नाना देसले पुस्तक देण्यापूर्वी वाचकाची भीती विचारतात. नाव नंतर, आवड तर त्याहूनही नंतर. "नाना, काय वाचू?" असे म्हणत कुणी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या पायरीवर उभे राहिले, की ते चष्मा कपाळावर सरकवतात, वैद्याने नाडी पाहावी तसे समोरच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "ते मागनं बघू. आधी सांग, घाबरतो कशाला?"

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाट्यावर उतरून सागाच्या रानाला वळसा घातला की आमचे गाव लागते. डोळखांबकडच्या शाळेतून निवृत्त होऊन आलेले नाना इथले वाचनालय सांभाळतात. खोली एकच, तिला जुन्या कागदाचा, उंदराच्या औषधाचा आणि नानांच्या निलगिरी तेलाचा मिळून एक वास आहे. कपाटांवर विषयांच्या चिठ्ठ्या आहेत, पण नाना त्या मानत नाहीत. त्यांच्या मते पुस्तकांचे विषय नसतात, गुण असतात. आणि भीतीला उतारा त्याच घराण्यातला देऊ नये, हा त्यांचा सिद्धांत. "भीती आणि पुस्तक सगोत्र नको," ते म्हणतात. "लग्नासारखंच आहे ते."

सापाला घाबरणाऱ्या एका शेतकऱ्याला त्यांनी ग्रहताऱ्यांचे पुस्तक दिले. "सापाला घाबरणारा माणूस जन्मभर खाली बघत चालतो. जरा वर बघ." तो बिचारा आठवडाभर मान वर करून हिंडला आणि एकदा शेणाच्या खड्ड्यात पडला. तक्रार घेऊन आला तेव्हा नानांनी शांतपणे विचारले, "साप भेटला का?" सासूला घाबरणाऱ्या एका नव्या सुनेला त्यांनी भुताच्या कथा दिल्या. पुस्तक परत आले नाही. सासूच आली, आणि दुसरा भाग आहे का म्हणून विचारू लागली. मुलाखतीच्या धास्तीने जेवण सुटलेल्या तरुणाला प्रहसनांचा संग्रह मिळाला. "समोर बसलेत त्यांनी पण सोंगंच घेतलीत, हे ध्यानात ठेव." तो मुलाखतीत हसला. नोकरी मिळाली नाही, पण जेवण सुरू झाले. नाना ते यशात धरतात.

मी मुरबाडच्या महाविद्यालयात मराठी शिकवते आणि नानांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहते. पहिल्या भेटीत मी कवितेची पुस्तके मागितली. "मिळतील. भीती?" मी संकोचत म्हणाले, "अंधाराची." मला शेतकी खात्याची, मातीविषयीची एक मळकी पुस्तिका मिळाली. "बी रुजतं तोही अंधारच की, बाई." मी ती चिडून वाचली. तिच्यात उपमा नव्हत्या, सेंद्रिय खताची प्रमाणे होती. तरीही तेव्हापासून दिवे गेले की मला खिडकीतून येणारा मातीचा वास आधी जाणवतो आणि काळोख मागाहून.

इतरांच्या भीतीचा एवढा अभ्यास असलेला हा गृहस्थ स्वतः किती घाबरट असावा? नाना विजेला घाबरतात, म्हणून आभाळ भरून आले की रबरी चपला घालून जेवतात. ते गॅसला घाबरतात, म्हणून दूध तापवताना दारात उभे राहून त्याला लांबून समजावतात. ते घाटाला घाबरतात. त्यांची मुलगी घाटाच्या वर, आळेफाट्याच्या बाजूला दिली आहे; रोज तिच्या गावच्या एसटी फाट्यावरून जातात, पण नाना कधी चढले नाहीत. हिमालयातली सगळी प्रवासवर्णने मात्र त्यांना पाठ आहेत. "बर्फाचे कडे मी पार केले, बाई. हा एक घाट तेवढा राहिला."

सर्वात मोठी भीती रानाची. कुठल्याशा प्रवासवर्णनात त्यांनी वाचले होते, की वाघ नेहमी पाठीमागून येतो, म्हणून दलदलीच्या मुलखातले लोक डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधतात. नानांनी शाळेच्या जुन्या नाटकातला कागदी लगद्याचा राजा शोधून काढला. झुपकेदार मिशांचा, टपोऱ्या डोळ्यांचा तो राजा डोक्यामागे बांधून ते परसात जातात. वाडीवरून रानभाजी घेऊन येणारी बायजा त्यांना पाहून थांबते.

"नाना, कोनत्या तोंडाला रामराम करू?"

"ज्याला दात आहेत त्याला कर."

"मंग मागच्यालाच करते."

या बायजाला पाककृतींची पुस्तके आवडतात. त्यांतले वाचून ती खदखदून हसते. "मीठ चवीनुसार म्हनं. आता चव कोनाची, ते लिवायला नको?"

नानांच्या पत्नीला मी पाहिलेले नाही. मी या गावात येण्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. एकदाच, वाल सोलता सोलता, नाना त्यांच्याविषयी बोलले होते. रोज दिवेलागणीला ते पडवीत मोठ्याने वाचत आणि त्या समोर तांदूळ निवडत बसत. रहस्यकथा, चरित्रे, बागकाम, काहीही. "ऐकत होती की नाय, देव जाणे. कधी विचारलं नाय. पण बसायची." एवढे बोलून त्यांनी वालाची एक शेंग बराच वेळ हातात फिरवली, आणि मग मला शेंगेतल्या अळीपासून जपायला सांगितले.

गेल्या हिवाळ्यात बिबट्या आला.

आधी तो आला नाही. आधी कुत्री भुंकायची थांबली. भात झोडून झाले होते, शेतात वालाच्या वेली जमिनीला बिलगून होत्या, दवाने पेंढा कुजल्यासारखा गोड वास येत होता. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले, की गावाला आवाजच नाही. मग वाडीवरची शेळी गेली. मग नाल्याच्या ओल्या रेतीत ठसे दिसले; फुलासारखे सुबक, आणि म्हणूनच भयंकर. रानातली वानरे इशारा दिल्यासारखी अवेळी खाकरू लागली. दिवस मावळला की दारांना कड्या लागत आणि प्रत्येक घर आपल्याच श्वासाकडे कान देऊन बसे. वाडीच्या लोकांनी रानाच्या तोंडाशी असलेल्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावला. वनखात्याचा तरुण रक्षक येऊन सांगून गेला: एकट्याने फिरू नका, मोठ्याने बोलत चला, माणसाचा आवाज असला की तो बाजूला होतो.

गावात एकच मुलगी होती जिला एकटीने चालावे लागे. रंजना. ती मुरबाडला औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्याबरोबर जाणाऱ्या दोघींनी बिबट्याच्या धास्तीने काम सोडले होते. संध्याकाळची एसटी तिला फाट्यावर सोडी, आणि त्याच वेळी तिचे वडील टोकावड्याच्या ढाब्यावर चुलीपुढे उभे असत. फाट्यापासून गावापर्यंतची वाट सागाच्या रानाला घासून येते आणि नानांच्या घराशी वळते. ते गावातले पहिले घर. वडील तिला म्हणाले, "बास झाली नोकरी. जीव आधी." रंजना वाचनालयात येऊन बाकावर बसली.

"एकदा घरी बसवली ना नाना, की बिबट्या गेला तरी मला परत कोन सोडनार नाय."

नानांनी हातातले पुस्तक मिटले. त्यांनी तिला भीती विचारली नाही. ती तिने सांगितलीच होती. बायजा तिथेच पाककृती चाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांस्नी इचारता, कशाला घाबरतो म्हनून. त्याला पन इचारा की. तो मानसाच्या बोलन्याला घाबरतो."

नाना हळूच चष्मा कपाळावर घेऊन उभे राहिले. त्या क्षणी बिबट्या वाचनालयाचा सभासद झाला.

त्याला कोणते पुस्तक द्यावे, यावर त्या दुपारी जी चर्चा झाली तितकी गंभीर साहित्यचर्चा मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेली नाही. नाना रोज संध्याकाळी आपल्या पडवीतून, शाळेच्या खेळांमधला जुना भोंगा तोंडाला लावून, रंजना घरी पोचेपर्यंत वाचणार होते. आवाज फाट्यापर्यंत जाणार होता. प्रश्न फक्त निवडीचा होता.

"रहस्यकथा नको," नाना म्हणाले. "खुनी कोण ते कळेपर्यंत हलणार नाय."

"पाककृती वाचा," बायजा म्हणाली.

"भूक लागंल त्याला."

"भुताच्या गोष्टी?" रंजना.

"मग मी पडवीत थांबेन का?"

प्रेमकथा सुचवली गेली. बिबट्या मादी असला तर, या शंकेने ती मागे पडली. मी भीतभीत कवितेचे नाव काढले. "कवितेला कोण घाबरतं, बाई?" नाना म्हणाले. रंजना पटकन बोलली, "आख्खा गाव घाबरतो." ते खरे असल्यामुळे मी कविता मागे घेतली. शेवटी नानांनी सहकारी संस्थांच्या नियमांचा एक ग्रंथ निवडला, ज्याची पाने छापखान्यातून आल्यापासून कुणी सुटी केली नव्हती. "यात थांबण्यासारखं कायपण नाय. ऐकणारा पुढं निघून जाईल."

पहिल्या संध्याकाळी मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते. माझे धैर्य त्या गजांपर्यंतच होते. नानांच्या पडवीला पुढून आणि मागून लोखंडी जाळी आहे. पुढे वाट, मागे परस आणि परसात पेंढ्याची गंजी. नाना वाटेकडे तोंड करून बसले होते. डोक्यामागे राजा, मांडीवर विजेरी, पायाशी ताट आणि वाजवायला पळी. भोंग्यातून आधी बराच वेळ त्यांच्या दातांचाच आवाज आला. मग नियम सुरू झाले. पोटनियम आले. वानरे खाकरली, नाना क्षणभर थांबले, आणि मग उपविधी अधिक मोठ्याने वाचू लागले. सागाच्या पानांवर चपलांची चरचर आली. रंजना वळणावर दिसली, तेव्हा माझ्या तळहातांवर गजांचे वळ उठले होते.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी रंजना कुंपणाशी थांबली.

"नाना, एक सांगू? राग नका मानू."

"बोल गो."

"तुमी वाचता ते आईकून पाय उचलत नाय. झोप येते चालता चालता. त्यापेक्षा बिबट्या बरा."

नाना दुखावले, पण विचारात पडले. संध्याकाळी त्यांच्या मांडीवर निळ्या कापडी बांधणीची जाड कादंबरी होती. एक म्हातारा तांडेल आपल्या हरवलेल्या भावाला शोधत गलबत घेऊन निघतो, अशी काहीशी गोष्ट. ग्रंथ बदलला आणि वाचणाराही बदलला. भोंग्यातून लाटा येऊ लागल्या. शीड फाटले तेव्हा नानांचा आवाज फाटला. वारा पडला तेव्हा ते इतके हळू वाचू लागले की मी गजांना कान लावला. समुद्र न पाहिलेल्या त्या रानाच्या कडेला खाऱ्या पाण्याचा वास येईल असे वाचन होते ते. रंजना वळणावर आली, तरी नाना प्रकरण संपल्याशिवाय थांबेनात, आणि तीही घरी जाईना. कुंपणाशी उभी राहून विचारी, "नाना, तो गाठतो का भावाला?"

"घरी जा आधी. उद्या कळेल."

भीती मात्र कमी झाली नव्हती. उलट त्या दिवसांत ती अगदी जवळ येऊन बसली आहे असे मला वाटे. वाचन चालू असताना परसाकडची झाडे फार गप्प असत. कोंबड्या खुराड्यात हलत नसत. एकदा, वादळाच्या प्रकरणात, मला नानांच्या मागे, गंजीच्या बाजूला, पेंढा दबल्यासारखा आवाज आला. मी ओरडणार होते. पण रंजना अजून रानापाशी होती. नाना थांबले असते तर ती शांततेत एकटी सापडली असती. मी विजेरी तिकडे मारली. पेंढा पिवळा दिसला, बाकी काही नाही. नाना वाचत राहिले. डोक्यावरून ओघळणारा घाम राजाच्या मिशांपर्यंत पोचला होता.

मग वनखात्याने नाल्यापलीकडे लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. सगळे गाव पाहायला धावले. नाना गेले नाहीत. त्यांनी आतून कडी लावली. पिंजरा गाडीत चढवून नेला, वाटेवर पुन्हा माणसे बोलू लागली, कुणीतरी कुत्र्याला शिवी दिली आणि ते भुंकले. उतरत्या दुपारी वनरक्षक ठशांचा माग काढत काढत गावाकडे आला. तो वाघोबाच्या दगडाशी थांबला नाही, रानाच्या कडेला थांबला नाही. तो थेट नानांच्या परसात शिरला आणि गंजीमागे वाकला.

आम्ही सगळे तिथे जमलो. पेंढ्यात एक खोलगट जागा झाली होती, कुणी रोज बसल्याने गादीला पडते तशी. तिच्यात पिवळसर केस होते. पडवीची मागची जाळी तिथून हाताच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ. जाळीच्या पलीकडे नानांची खुर्ची.

रंजनाने बायजाचा दंड धरला.  इतके दिवस आम्ही ज्या आवाजाच्या आधाराने उभे होतो, त्या आवाजाच्या पाठीशी तो बसलेला होता, टपोऱ्या डोळ्यांच्या राजाकडे पाहत. नाना बाहेर आले होते. त्यांना सावरायला दोघेजण पुढे झाले.

"रोज?" नानांनी विचारले.

"रोज, नाना," रक्षक अपराध्यासारखा म्हणाला. "ठशांवर ठसे आहेत. कोंबड्यांच्या आशेनं येत असंल. गंजीला ऊबही असते. आता ऐकत होता की नाय, ते मी काय सांगू. पण बसायचा."

नाना पडवीच्या पायरीवर बसले. "बसायचा," ते म्हणाले.

तो स्वर मी एकदा ऐकला होता. वालाच्या शेंगा सोलताना. आता मला जी भीती वाटली तिला दात नव्हते, नखे नव्हती. दिवेलागणीला एका घरात दोन भिंती समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो, एवढेच चित्र होते ते.

"कुठं सोडतील त्याला?" नानांनी विचारले.

"लांब. मोठ्या रानात. परत नाय येनार, काळजी नको."

नानांनी मान हलवली. "दोन प्रकरणं राहिली होती," ते म्हणाले. कुणी हसले नाही. बायजा फक्त पुढे झाली आणि तिने त्यांच्या डोक्यामागचा राजा सोडून पायरीवर ठेवला.

त्या संध्याकाळी वाचायचे कारण उरले नव्हते. बिबट्याची बातमी ऐकून दुपारीच दुकानातून आलेली रंजना वडिलांना सांगायला टोकावड्याला गेली होती, आणि परतीच्या वाटेवर मोबाइलवर गाणे लावून निर्धास्त येत होती. मी सवयीने खिडकीशी उभी राहिले. नाना पडवीत आले. भोंगा आणला नाही, ताट आणले नाही. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि परसाकडे तोंड करून बसले. निळे पुस्तक उघडले. आवाज इतका हळू होता, की शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. फक्त त्यांची ये-जा कळत होती, ओहोटीच्या पाण्यासारखी.

रंजना वळणावर थबकली. तिने गाणे बंद केले.

"नाना, ऐकू नाय येत."

"आज तुझ्यासाठी नाय गो. तू जा घरी. आता कसली भीती?"

ती जाईना. कुंपणाच्या फाटकाचे झापे सरकवून ती आत शिरली आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली.

"ज्याच्यासाठी वाचता त्याच्या जागेवर बसते मग."

नानांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "पेंढ्यात नको बसू. अंगाला खाज सुटते."

ती पेंढ्यातच बसली.

दिवे गेले होते की मीच लावले नव्हते, आता आठवत नाही. दोन घरांच्या मधल्या तुकड्यात चांगलाच काळोख साचला होता. मी दाराची कडी काढली. अंगणातली माती दवाने ओली झाली होती आणि तिचा वास पायांना लागत होता. परसात पोचताना माझ्या पायाखाली सागाचे वाळले पान मोडले, आणि नाना दचकून वाचायचे थांबले. त्यांनी विजेरी माझ्या तोंडावर मारली, मग खाली घेतली, आणि बसायला जिथे पेंढा नव्हता त्या दगडावर तिचा उजेड धरून ठेवला.

"जपून, बाई," ते म्हणाले. मी बसेपर्यंत थांबले. मग बोटाला थुंकी लावून त्यांनी वाचलेली पाने एकेक करून मागे उलटली, आणि प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.